नेहमीचं बी

१

रुग्णालयामागच्या नव्या बागेत दोनशे गुलाब मुठी आवळून बसले होते. पानं आतल्या आत वळलेली, शेंडे पिळवटलेले, कळ्या धरायच्या आधीच माना टाकलेल्या. शेजारच्या वाफ्यातल्या शेवंतीची तीच गत. लावून पुरता महिनाही झाला नव्हता.

थोरली गुडघ्यावर बसून भिंगातून एकेक पान बघत होती. बियाणं तपासणीच्या कार्यालयात तिने तीस वर्षं काढली होती आणि तिथे तिला सगळे भिंगवाल्या बाई म्हणत. निवृत्त झाली, तरी भिंग काही गळ्यातून उतरलं नव्हतं. आज तिला धाकट्या बहिणीने बोलावून घेतलं होतं, कारण या सगळ्या वाफ्यांत धाकटीच्या आवारातलं खत पडलं होतं.

"कच्चं खत," बागवाला म्हणाला. शहरातल्या निम्म्या बागा लावण्याचं कंत्राट त्याच्याकडे होतं. आवाज मऊ आणि बूट स्वच्छ. "मुळं जाळली त्याने. बाई, तुमच्यावर माझा किती भरवसा होता. पण आता उद्यान कार्यालयात कळवणं भागच होतं. पंधरा दिवसांनी बैठक आहे. मोहोर काढून घेतील असं दिसतं."

मोहोर म्हणजे पोत्यावरचा तो गोल हिरवा शिक्का. तो असला तर खत सार्वजनिक बागांत चालतं, नसला तर ते नुसता कुजलेला पालापाचोळा. धाकटीने तो मिळवायला नऊ वर्षं घातली होती आणि अकरा माणसांची चूल त्याच्यावर पेटत होती.

"हे वाफे आम्ही उद्यापासून उपसून टाकतोय," बागवाला पुढे म्हणाला. "सगळी माती लांब नेऊन टाकणार. धोका नको."

थोरली गुडघे धरत उठली. वाफ्यांच्या कडेने त्याच खतावर लावलेली हिरवळ होती. ती मात्र मजेत डोलत होती.

"गंमत आहे," ती स्वतःशीच पण मोठ्याने म्हणाली. "रुंद पानाचं सगळं आजारी, आणि गवताला काहीच नाही."

धाकटीने चमकून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "मला आवारात काम आहे, ताई," एवढंच बोलून ती निघाली, आणि जिने बोलावून घेतलं होतं तिनेच पाहुणीला भर उन्हात रिक्षा शोधायला मागे ठेवलं.

२

आवारात खताच्या लांबच लांब राशी ओळीने पहुडल्या होत्या आणि त्यांतून वाफ निघत होती. पलीकडे चाळणीचं यंत्र घरघरत होतं. वास मात्र पावसाळी रानासारखा, नाकाला गोड. कच्चं खत असा वास देत नाही, हे थोरलीला फाटकातच कळलं. एक संशय तिथेच निकालात निघाला आणि तिची चिडचिड वाढली, कारण सोपं उत्तर हातचं गेलं.

मुकादमाने तिला खुर्ची दिली आणि चहा आणून ठेवला. "नेहमीचा," तो कौतुकाने म्हणाला. कपात चमचा उभा राहील एवढी साखर होती. थोरलीने एक घोट घेतला आणि कप बाजूला सरकवला.

"रुग्णालयाला कुठल्या राशीतलं खत गेलं?"

"एकतीस नंबर. चार महिने पिकवली, बाई. मी स्वतः सळई खुपसून रोज बघायचो. हात भाजेल अशी तापली, मग आपोआप निवली. सगळं नेहमीसारखं."

"राशीत घातलं काय होतं?"

"नेहमीचंच. पाला, फांद्यांचा भुगा, मैदानाचं गवत."

"कुठल्या मैदानाचं?"

"नेहमीच्या."

थोरलीने डोळे मिटून घेतले. तीस वर्षं तिने पाकिटावर नाव, गाव, तारीख नसेल तर बियाणं परत पाठवलं होतं. आणि इथे विचारावं ते नेहमीचं. पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात निदान घडा धुतला तरी जातो.

चाचणीची खोली म्हणजे एक लांब टेबल, कुंड्या आणि भिंतीला फळी. प्रत्येक राशीतलं मूठभर खत बरणीत भरून राशीचा आकडा टाकून या फळीवर ठेवायचं आणि थोड्या खतात बी पेरून रोप कसं येतं ते पाहायचं, ही धाकटीची शिस्त. रोप आलं की त्यातलं एक दाबून चाचणीच्या वहीत चिकटवायचं. थोरलीने वही उघडली. अठ्ठाविसाव्या राशीपर्यंत प्रत्येक पानावर वाळलेलं घेवड्याचं रोप होतं. पुढच्या पानांवर रोप नव्हतंच, नुसते डिंकाचे डाग. आणि एकतिसाव्या राशीसमोर धाकटीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: बी नेहमीचं, उगवण उत्तम.

"रोपं का नाहीत?"

"जुन्या तपासनीस बाई सोडून गेल्या ना," मुकादम म्हणाला. "अठ्ठाविसाव्या राशीनंतर मालकीणबाईच चाचणी बघतात. एकट्या बाईने काय काय करावं."

आळस, थोरलीने मनात नोंद केली आणि वही पिशवीत टाकली. मग तिने फळीवरच्या बरण्या मोजल्या. एकतीस नंबरची जागेवर होती. पण रांगेत एक फट होती.

"अठरा नंबरची कुठंय?"

मुकादमाने डोकं खाजवलं. "सोमवारपर्यंत होती. मीच पुसली होती. पण ती रास दोन वर्षांपूर्वीच संपली, बाई. ती माती कोण नेईल?"

"आणि बियाचा डबा?"

मुकादमाने टेबलाखाली पाहिलं, कुंड्यांमागे पाहिलं, आणि मग थोरलीकडे पाहिलं. सकाळी तो तिथेच होता.

३

धाकटीचा दीर विक्री बघत असे. बोलायला लागला की घोडं कुठेच पेंड खात नसे.

"ताई, तुम्हीच सांगा वहिनींना," तो म्हणाला. "खत विकायचं म्हणजे काय, लोकांचाच कचरा त्यांना परत विकायचा आणि वर त्यांनी आभार मानले पाहिजेत. त्याला वेग लागतो. मी म्हणतो तीन महिन्यांत रास मोकळी करू. वहिनी म्हणतात चार. मी म्हणतो चाचणी कशाला, त्या म्हणतात चाचणीशिवाय पोतं शिवायचं नाही."

"म्हणजे चाचणीचा डबा नाहीसा झाला तर तुम्हाला बरंच."

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, मोहोर गेली तर मी काय विकू? मोहोरेवरच तर माझं सगळं भाषण चालतं."

हे मात्र खरं होतं. थोरलीने निराशेने त्याच्या टेबलावरचं पावतीपुस्तक चाळायला घेतलं. रुग्णालयाच्या गाडीची पावती सापडली. वर बागवाल्याचं नाव, आणि कोपऱ्यात ठसठशीत आकडा, १८.

"हा अठरा कसला?"

"यंदाची अठरावी गाडी. राशीचा नंबर आम्ही पावतीवर घालत नाही. गिऱ्हाईक गोंधळतं."

थोरलीचा हात पावतीवरच थांबला. "सोमवारी इथे बाहेरचं कोण आलं होतं?"

"बागवाले. तक्रार घेऊन. वहिनी राशींकडे होत्या, तर ते चाचणीच्या खोलीत बसले होते पावती हातात धरून."

तिने पावतीची नक्कल मागून घेतली. अर्धा गुंता सुटत होता, पण दुसऱ्या अर्ध्याचं टोक तिच्या सख्ख्या बहिणीच्या हातात होतं, आणि तिला तेच नको होतं.

धाकटी चाळणीपाशी उभी होती. तिथल्या घरघराटात कुणालाच बोलता येत नाही, म्हणूनच बहुधा. थोरलीने यंत्र बंद करवलं.

"बियाचा डबा कुठंय?"

"उंदरांनी खाल्लं बी."

"आणि पत्रा?"

धाकटी हातातलं खत चुरत राहिली. ते सुरेख काळंभोर, भुरभुरीत खत होतं. "ताई, तू घरी जा," ती म्हणाली. "मी उगाच तुला ओढलं यात. मोहोर गेली तर जाऊ दे. परत मिळवीन."

"नऊ वर्षांनी?"

"नऊ तर नऊ."

थोरलीला रडूही येत होतं आणि बहिणीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं. तिने दोन्ही केलं नाही. जाता जाता फळीवरच्या तीस आणि एकतीस नंबरच्या बरण्यांतलं थोडं थोडं खत मात्र तिने मुकादमाच्या सहीने बांधून घेतलं, आणि एकतीसची बरणी त्याच्याच सहीने बंद करून पिशवीत ठेवली.

४

नेहमीचं मैदान शहराच्या टोकाला होतं. गवत एवढं एकसारखं की कुणी विणून अंथरलंय असं वाटावं. थोरली त्यावर ओणवी होऊन अर्धा तास फिरली. तिला एकही तण सापडलं नाही. घोळ नाही, आघाडा नाही, रुंद पानाचं नावालाही काही नाही.

"कोण राखतं हे?" तिने राखणदाराला विचारलं.

"बागवाल्यांकडे काम आहे. कापलेलं गवत त्यांचीच गाडी खताच्या आवारात टाकते."

"तण मारायला फवारतात का काही?"

"फवारतात की. नेहमीचं औषध. यंदा मोठे सामने होते म्हणून जरा हात सैल सोडला."

थोरलीने या वेळी 'नेहमीचं' ऐकूनही दात खाल्ले नाहीत. ती कुंपणाकडे गेली. तारेवर एक रानवेल चढली होती, आणि मैदानाच्या बाजूची तिची सगळी पानं मुठी आवळून बसली होती.

असली औषधं तिला ठाऊक होती. गवताच्या केसाला धक्का लावत नाहीत आणि रुंद पानाला सोडत नाहीत. गवत कापलं, कुजलं, चार महिने तापलं, तरी ती त्यात टिकून राहतात. म्हणूनच फवारलेलं गवत देणार नाही, असं बागवाल्याने आवाराला लिहून दिलेलं होतं. त्याच्याच गाडीतून आलेलं विष त्याच्याच बागेत परत गेलं होतं. पेरलं ते उगवलं म्हणतात, इथे उगवलेलं पिळवटलं एवढाच फरक.

पण मग धाकटीच्या चाचणीत हे दिसायला हवं होतं. घेवडा तर या औषधाचा वास लागला तरी आठ दिवसांत आकसतो. वहीत मात्र उगवण उत्तम. म्हणजे एक तर चाचणी केलीच नव्हती, नाही तर धाकटीने रोपं पिळवटलेली पाहूनही खोटं लिहिलं होतं. आणि म्हणून डबा लपवला होता.

थोरलीने घरी येऊन दोन कुंड्यांत घेवडा पेरला, आणि दहा दिवस रोज सकाळी त्यांच्याकडे अशी बघत राहिली की दुसरं कुणी असतं तर भीतीने उगवलंच नसतं.

५

दहाव्या दिवशी तिसाव्या राशीतला घेवडा ताठ उभा होता. एकतिसाव्यातला वळून गोळा झाला होता.

बैठकीला चार दिवस उरले होते. थोरली वही घेऊन खिडकीपाशी बसली. बहीण खोटं लिहिते हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. लहानपणी फुटलेली बशी ही पोर स्वतःच आईपुढे नेऊन ठेवायची. अशा मुलीने रोप फाडून का टाकावं? आळशी माणूस रोप चिकटवतच नाही. त्याला डिंक लावण्याचे कष्टही नको असतात. इथे डिंक होता. म्हणजे रोपं चिकटवली होती आणि मग कुणीतरी सोलून काढली होती.

इतके दिवस हे साधं सुचलं नाही म्हणून तिने स्वतःलाच एक शिवी हासडली आणि भिंग डिंकावर धरलं.

वाळलेल्या डिंकात पानाचा ठसा राहिला होता. लांब, अरुंद, शिरा एकमेकींना न भेटता सरळ गेलेल्या. घेवड्याचं पान असं नसतं. हे गवताच्या घराण्यातलं पान होतं. मका. एकोणतीस, तीस, एकतीस, तिन्ही पानांवर मका.

मक्याला या औषधाने काहीच होत नाही. रोपं खरंच छान आली होती. धाकटीने अक्षर न अक्षर खरं लिहिलं होतं. मग मका आला कुठून?

आणि थोरलीच्या हातातलं भिंग हळूहळू खाली आलं. ती तशीच उठली आणि कपाटातून उरलेला मका काढून तिसरी कुंडी पेरायला बसली. चार दिवसांत कोंब नुसता वर येईल, पण तेवढा पुरे होता.

६

उद्यान कार्यालयातल्या लांब टेबलावर थोरलीने तीन कुंड्या ठेवल्या. एका बाजूला बागवाला, दुसऱ्या बाजूला धाकटी, तिचा दीर आणि मुकादम. मधोमध अधिकारी साहेब, ज्यांना सर्दी झाली होती आणि ज्यांना हे सगळं जेवणाच्या सुट्टीआधी आटपायचं होतं.

"ही दोन घेवड्याची रोपं," थोरली म्हणाली. "ताठ आहे ते दुसऱ्या राशीतलं. हे वळलेलं रुग्णालयाच्या खतातलं. कच्च्या खताने पान पिवळं पडतं, करपतं. असं वळत नाही. हे तणनाशक आहे. आणि खत कच्चं असतं तर दोन महिने थांबून ते वाफ्यातच पिकलं असतं. हे मला समजतं तर बागवाल्यांना समजत नाही असं नाही. तरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळी माती लांब टाकून दिली."

"साहेब," बागवाला मऊपणे म्हणाला, "या बाई कुठलंही खत आणून दाखवतील. रुग्णालयाच्या गाडीची बरणी तर यांच्याकडे नाहीच, मग हे रोप कशातलं म्हणायचं?"

थोरलीने चष्मा वर ढकलला. "बरणी नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेऊन बागवाल्याकडे पाहिलं.

"आमच्या फळीवरून एक बरणी गेली खरी. अठरा नंबरची. तुमच्या पावतीवर अठरा आहे. पण तो गाडीचा आकडा. बरणीवर आम्ही राशीचा आकडा घालतो, आणि रुग्णालयाची रास एकतीस. आमच्यातल्या कुणाला बरणी गायब करायची असती तर त्याने एकतीस उचलली असती. अठरा उचलणारा फक्त पावती वाचणारा असतो. तुम्ही दोन वर्षांपूर्वीची चांगली माती पळवलीत." तिने पिशवीतून एकतीसची बरणी काढून साहेबांपुढे ठेवली. "यावर मुकादमांची सही आहे. आणि मैदानाचं कुंपण अजून जागेवर आहे, जाऊन बघा. आपल्या बागेतलं पान बघताच यांनी आपलं औषध ओळखलं, म्हणून ही धावपळ."

बागवाल्याने स्वच्छ बुटांकडे पाहिलं. मैदानाचं काम माझी माणसं बघतात, असं काहीतरी तो पुटपुटला. दीर खुर्चीत सरसावून बसला. जिंकलो, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

साहेबांनी नाक पुसलं. "ठीक. पण माझा एक प्रश्न राहतो. तुमची चाचणी कशासाठी असते? ती करूनही हे खत बाहेर पडलं कसं?"

"चूक माझी," धाकटी घाईने म्हणाली. "मी चुकीचं बी पेरलं. दुसऱ्या कुणाचा संबंध नाही."

"डबा काढ," थोरली म्हणाली.

"ताई, नको."

"तुझ्या पिशवीत आहे. गेले पंधरा दिवस तू ती पिशवी खाली ठेवलेली नाहीस. काढ."

धाकटीने डबा काढून टेबलावर ठेवला. पत्र्याचा चौकोनी डबा, वर चिकटवलेली चिठ्ठी. थोरलीने ती वाचली नाही. तिला पाठ होती.

"मी निवृत्त झाले तेव्हा हा डबा हिला भेट दिला," ती साहेबांना म्हणाली. "हिच्याकडे चाचणीला बी लागतं हे मला माहीत होतं. कुठलं लागतं, ते विचारलं नाही. आमच्या कार्यालयात उगवण बघायला नेहमी मका असायचा. मी चिठ्ठीवर लिहिलं, नेहमीचं बी, खात्रीचं. हिने डोळे झाकून पेरलं, कारण ताईने दिलं होतं. या तिसऱ्या कुंडीत तोच मका आहे, एकतिसाव्याच राशीत. बघा कसा ताठ कोंब आलाय. रुग्णालयाच्या बागेत मी गवताबद्दल बोलले तेव्हा हिला कळलं, आणि हिने रोपं फाडली ती मक्यावरून माझं नाव निघू नये म्हणून. बागवाल्यांनी विष आणलं. त्याला दार मी उघडून दिलं."

पंधरा दिवस ती 'नेहमीचं' या शब्दावरून लोकांवर चिडत फिरली होती आणि तोच शब्द तिच्याच अक्षरात डब्यावर बसला होता. दिव्याखाली अंधार असतो हे तिला माहीत होतं, पण तो इतका काळा असेल असं वाटलं नव्हतं.

साहेबांनी निकाल दिला. बागवाल्याचं नाव यादीतून बाजूला, पुढची चौकशी होईल. मोहोर रद्द नाही, पण आवारातल्या सगळ्या राशी घेवड्यावर पुन्हा तपासून होईपर्यंत स्थगित. म्हणजे निदान दोन महिने एक पोतं बाहेर जाणार नव्हतं. दिराने कपाळाला हात लावला.

संध्याकाळी आवारात चाळणी बंद होती. चाचणीच्या टेबलावर घेवड्याच्या चोवीस कुंड्या मांडून झाल्या होत्या. धाकटीने वही उघडली, बियाच्या रकान्यात 'घेवडा' असं लिहिलं, आणि पेन थोरलीपुढे धरलं. थोरलीने डब्यावरची ओळ खोडून खाली 'मका' लिहिलं. एवढ्या दोन अक्षरांना तिला बराच वेळ लागला.

"मी तुला शिव्या घालायला हव्या होत्या," धाकटी म्हणाली. "लपवायला नको होतं."

"अजून घाल. दोन महिने आहेत."

मुकादम दारात आला. "चहा टाकतोय. मोठ्या बाई, तुमचा नेहमीचा ना?"

थोरलीने पेन खाली ठेवलं. "बिनसाखरेचा," ती म्हणाली.

धाकटीने मान वर केली. "तू बिनसाखरेचा कधीपासून पितेस?"

"नऊ वर्षं झाली."

"मग इतक्या वर्षांत एकदा सांगितलं का नाहीस?"

"तुला ठाऊक असेल असं वाटलं," थोरली म्हणाली.